छतावर सोलर बसवायचंय. घरमालक म्हणून मला काय काय माहीत असायला हवं, आणि कुठलं पॅनल घेऊ? की आणखी चांगलं तंत्रज्ञान येईल म्हणून थांबू?

तुमच्या प्रश्नातल्या दुसऱ्या भागाचं उत्तर एका ओळीत संपतं: नावाजलेल्या चार-पाच कंपन्यांपैकी कुठलंही घ्या, फारसा फरक पडणार नाही. मीही बसवण्याआधी दोन महिने पॅनलचे तक्ते लावत बसलो होतो. मोनो की पॉली (सिलिकॉन सेलचे दोन प्रकार), 20.8 टक्के कार्यक्षमता की 21.4. सात वर्षं झाली. या काळात पॅनलनं मला एकदाही त्रास दिलेला नाही. त्रास दिला तो सावलीनं, तारा जोडणाऱ्या एका प्लास्टिकच्या कनेक्टरनं, इन्व्हर्टरनं (पॅनलची डीसी वीज घरात चालणारी एसी करणारी पेटी) आणि कागदपत्रांनी. तेव्हा उत्तर त्यांच्याबद्दलच देतो.

आधी सावली, कारण ती नंतर दुरुस्त करता येत नाही.

पॅनलमधले सेल एकाला एक जोडून माळ केलेली असते आणि अशी अनेक पॅनल्स पुन्हा एका माळेत, म्हणजे स्ट्रिंगमध्ये, जोडतात. अरुंद बांधावरून एकामागोमाग माणसं चालली आहेत असं समजा. मधला एक थबकला की मागचे सगळे थबकतात. एका सेलवर सावली पडली की त्यातून वाहू शकणारा करंट घटतो आणि माळेतल्या बाकीच्यांचाही अडतो. यावर उपाय म्हणून प्रत्येक पॅनलच्या मागच्या डबीत सहसा तीन बायपास डायोड असतात. ते अडलेला भाग वगळून करंटला वाट देतात, पण मग तो भाग हिशेबातून जातो. पूर्ण सेलच्या साध्या पॅनलमध्ये एकच सेल नीट झाकला गेला तर पॅनलची तिसरा हिस्सा वीज गेली असं धरा. हल्लीच्या अर्ध्या कापलेल्या सेलच्या पॅनलमध्ये नुकसान जरा कमी होतं, एवढंच.

माझ्याकडे छत उन्हाळ्यात पाहिलं गेलं. सूर्य डोक्यावर, सगळं लख्ख. हिवाळ्यात सूर्य खाली उतरला तेव्हा पाण्याच्या टाकीची सावली लांबत दोन पॅनलवर येऊन बसली, रोज दोन-अडीच तास. टाकी हलवता येईना आणि पॅनल हलवायचे तर स्ट्रक्चर उकलायचं. तुम्ही हिवाळ्यातला सर्वांत लहान दिवस गृहीत धरून सकाळी नऊ ते दुपारी तीनपर्यंतची सावली आखून मागा. आज नसलेली सावलीही विचारात घ्या: शेजारचं वाढतं झाड, पुढे कधीतरी चढणारा मजला. सावली टाळणं शक्यच नसेल तर प्रत्येक पॅनलला स्वतंत्र मायक्रोइन्व्हर्टर किंवा ऑप्टिमायझर लावतात. त्यानं एका पॅनलचा आजार दुसऱ्याला लागत नाही. मात्र छतावर, उन्हात, नादुरुस्त होऊ शकणाऱ्या वस्तूंची संख्या वाढते. मोकळं छत असेल तर मी साधा, अख्ख्या माळेला एकच असलेला स्ट्रिंग इन्व्हर्टरच घेईन.

दुसरी गोष्ट म्हणजे आकडे. माझी 5 किलोवॅटची सिस्टिम भर उन्हाळ्याच्या दुपारी चार किलोवॅटच्या आसपासच दाखवते. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, फसवलं. तसं नव्हतं. पॅनलवर छापलेला वॅटचा आकडा प्रयोगशाळेतला असतो: दर चौरस मीटरला 1000 वॅट प्रकाश आणि सेलचं तापमान 25 अंश. छतावर तापलेला सेल सहज 60-65 अंशांवर जातो आणि दर अंशामागे साधारण 0.3 ते 0.4 टक्के वीज घटते. म्हणजे नुसत्या उष्णतेपायी बारा-चौदा टक्के गेले, वर धूळ, वायर आणि इन्व्हर्टरचा वाटा. सोलरला ऊन हवं असतं, उकाडा नको असतो. माझे सर्वांत मोठे आकडे थंड, वाऱ्याच्या, ढगांच्या आडून मधेच लख्ख ऊन पडणाऱ्या दिवशी आलेले आहेत. म्हणून पॅनल छताला चिकटवून बसवू देऊ नका, खालून वारा खेळायला हवा.

वर्षाला किती युनिट मिळतील हा अंदाज विक्रेत्याकडून घ्याच, पण युरोपीय आयोगाचं पीव्हीजीआयएस किंवा अमेरिकेतल्या सरकारी प्रयोगशाळेचं पीव्हीवॉट्स ही मोफत ऑनलाइन साधनं आहेत, त्यांत आपलं ठिकाण, दिशा आणि उतार टाकून स्वतः पडताळा. दोन्ही आकड्यांत मोठी तफावत निघाली तर कारण विचारा. उत्तर देताना माणूस गडबडला तर तेही एक उत्तरच.

आता वीज गेल्यावर काय होतं ते. बसवून आठ दिवस झाले होते, दुपारी बाराला वीज गेली. मी ऐटीत घरच्यांना म्हटलं, आपलं चालू राहील. पंखा बंद, सगळं बंद. बाहेर रणरणतं ऊन आणि छतावर बारा पॅनल! ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या जाळ्याला, जोडलेला साधा इन्व्हर्टर वीज गेली की स्वतःहून बंद पडतो आणि तसं होणं सक्तीचंच असतं. नाहीतर तुमच्या छतावरची वीज मृत समजलेल्या तारेत शिरेल आणि खांबावर काम करणाऱ्या लाइनमनचा जीव घेईल. वीज गेल्यावरही घर चालावं असं वाटत असेल तर हायब्रिड (बॅटरीही सांभाळणारा) इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते. हे खरेदीआधी ठरवा, कारण नंतर जोडताना बऱ्याचदा इन्व्हर्टरच बदलावा लागतो. बॅटरी घेतलीत तर लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची घ्या. ती उष्णता बरी सोसते आणि लेड-ॲसिडपेक्षा कितीतरी जास्त वेळा भरते-रिकामी होते. पण वीज क्वचितच जात असेल तर वर्षभर तिच्याशिवाय काढून पाहा, हे माझं मत.

कनेक्टरची गोष्ट सांगायलाच हवी. दुसऱ्या वर्षी एके दिवशी निर्मिती अर्ध्यावर आली. दोनपैकी एक स्ट्रिंग मेली होती. पॅनलखाली वाकून पाहिलं तर एक कनेक्टर काळा पडून वितळलेला. बसवणाऱ्यांनी एका कंपनीची नर पिन दुसऱ्या कंपनीच्या मादी पिनमध्ये खुपसली होती. दिसायला दोन्ही सारख्या, आत खटकन बसतातही, पण धातूचा स्पर्श नीट होत नाही, तिथं गरम होतं आणि मग ठिणगी. घरातला एसी करंट सेकंदाला शंभरेक वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी विझायला वाव असतो. पॅनलकडून येणारा डीसी तसा शून्यावर येतच नाही, ठिणगी पेटली की पेटती राहते. छतावरच्या सोलरला आग लागते तेव्हा कारण बऱ्याचदा असल्या जोडांत सापडतं. जोडीतल्या दोन्ही बाजू एकाच कंपनीच्या असतील हे लेखी घ्या आणि तारा छतावर लोळू देऊ नका, पट्ट्यांनी बांधून घ्या.

याच ओघात एक ताकीद. स्ट्रिंगमध्ये काहीशे व्होल्ट डीसी असतो आणि ऊन आहे तोवर पॅनलला बंद करणारं बटणच नसतं. आयसोलेटर (डीसी तार तोडणारा स्विच) पाडला तरी पॅनलपासून आयसोलेटरपर्यंतची तार जिवंतच असते. चालू असताना कनेक्टर ओढून काढायचा नाही. काच फुटलेल्या पॅनलवर पाणी मारायचं नाही. अर्थिंग आणि सर्ज प्रोटेक्टर (व्होल्टेजच्या अचानक उसळीपासून वाचवणारं उपकरण) यांवर पैसे वाचवायचे नाहीत.

इन्व्हर्टर दहा-पंधरा वर्षांत एकदा बदलावा लागेल हे धरून चाला, परतफेडीच्या गणितात विक्रेते हे सोयीस्करपणे विसरतात. तो थेट उन्हात टांगू नका, भिंतीच्या सावलीत लावा. पॅनल मात्र पंचवीस वर्षं सहज टिकतात. वर्षाला अर्धा टक्का घट धरली तरी पंचवीस वर्षांनी 88 टक्क्यांच्या आसपास उरतात. जाहिरातीतली ‘25 वर्षांची वॉरंटी’ बहुधा याच घटीबद्दलची असते, आणि घट ठरल्यापेक्षा जास्त झाली हे सिद्ध करत बसणं तुमच्या गळ्यात येतं. कामाची ती वस्तूची, म्हणजे पॅनलच बिघडलं तर लागू होणारी, वॉरंटी. ती वेगळी असते, अनेकदा दहा-बारा वर्षांची. पॅनल उतरवण्याचा, नेण्याआणण्याचा आणि पुन्हा चढवण्याचा खर्च तिच्यात धरलाय का ते बारीक अक्षरांत शोधा.

छत गळत असेल तर आधी छत दुरुस्त करा. पॅनल चढल्यावर वॉटरप्रूफिंग करायचं म्हणजे सगळं उतरवणं आलं. वजनाची लोक फार काळजी करतात, एक पॅनल साधारण वीस ते तीस किलोंचं असतं आणि चांगलं छत ते पेलतं. खरी भीती वाऱ्याची. तिरपं पॅनल म्हणजे शीडच, खालून वारा भरला की उचलायला बघतं.

स्वच्छतेचं फार स्तोम आहे. पाऊस बरंच काम करतो. कोरडे महिने, जवळ धुळीचा रस्ता किंवा कबुतरं असतील तर मात्र हात लावावा लागतो. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, साधं पाणी आणि मऊ ब्रश. तापलेल्या काचेवर भर दुपारी गार पाणी ओतू नका, तडकू शकते. जड पाण्याचे डाग वाळू देऊ नका. पॅनलवर पाय तर कधीच ठेवू नका. काच सहन करते पण आतल्या सेलला केसासारख्या चिरा जातात, त्या डोळ्यांना दिसत नाहीत. निदान दहा अंशांचा उतार ठेवलात तर पाणी निथळतं, नाहीतर खालच्या कडेला मातीची रेघ साचून तिथली अख्खी ओळ झाकते.

‘आणखी चांगलं तंत्रज्ञान येईल म्हणून थांबू का?’ असंही तुम्ही विचारलंय. 1954 साली बेल लॅब्जमध्ये पहिला उपयोगी सिलिकॉन सेल बनला तेव्हा कार्यक्षमता सुमारे 6 टक्के होती. आज बाजारातली पॅनल्स 20 ते 23 टक्क्यांवर आहेत आणि सिलिकॉनची सैद्धांतिक मर्यादाच 29 टक्क्यांच्या आसपास आहे. छत फारच लहान नसेल तर या फरकासाठी थांबण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

बिलाचं म्हणाल तर सही करण्याआधी एकच गोष्ट विचारा: मी ग्रिडला दिलेलं युनिट, ग्रिडकडून घेतलेल्या युनिटच्या बरोबरीनं वळतं होणार की कमी दरानं? बरोबरीनं होणार असेल तर ग्रिडच तुमची फुकटची बॅटरी. कमी दर असेल तर धुणं, पाण्याचा पंप, गाडीचं चार्जिंग दुपारी उरकण्याची सवय घरात लावावी लागेल आणि सिस्टिमही गरजेपेक्षा मोठी घेण्यात राम नाही.

शेवटचा हप्ता देण्याआधी हातात घ्यायच्या गोष्टी: जोडणीचा आराखडा, प्रत्येक पॅनलच्या सिरीयल नंबरचा फोटो (एकदा चढल्यावर मागचं लेबल वाचता येत नाही), वॉरंटीचे कागद, आणि मॉनिटरिंग ॲपचं खातं तुमच्या स्वतःच्या ईमेलवर. माझं खातं बसवणाऱ्याच्या नावावर होतं. त्यानं धंदा बंद केला तेव्हा माझ्याच छतावरची वीज मला दिसेनाशी झाली, ती परत दिसायला चार महिने लागले.

छताचा फोटो, दिशा आणि गेल्या बारा महिन्यांचे युनिट इथे टाकलेत तर सावलीबद्दल आणि किलोवॅटबद्दल आणखी नेमकं सांगू शकेन.