आईचं अरळु मरळु झालंय का?

"आई हल्ली विसरते, हा स्मृतिभ्रंश तर नव्हे?" हा प्रश्न घेऊन बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील अनेक मुले-सुना माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात. त्यांच्यासाठी एक अनुभव सांगते; ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

वडगावच्या एका विणकर घरातील 66 वर्षांच्या काकू मुलासोबत आल्या होत्या. गल्लीतील बायकांची भिशी बरीच वर्षे त्यांच्याकडे होती, आणि शिक्षण चौथीपर्यंतच झालेले असूनही कोणाचा हप्ता आला व कोणाचा राहिला, हे त्या वही न उघडता सांगत. वर्षभरापूर्वी गॅसवर दूध ठेवून त्या शेजारी बोलत बसल्या आणि पातेले करपले. दुसऱ्यांदा तसे घडल्यावर सुनेने स्वयंपाकघर आणि मुलाने भिशीची वही आपल्याकडे घेतली. त्यामागे काळजीच होती. पण "राहू दे आई, तुला आता जमायचं नाही," हे वाक्य त्यांच्या कानांवर रोज पडू लागले. आपल्याकडे 'साठी बुद्धी नाठी' म्हणतात आणि शेजारच्या कन्नड घरात 'अरवत्तक्के अरळु मरळु', म्हणजे साठीला बुद्धीचा गोंधळ. सीमाभागातल्या माणसाला हा निकाल दोन्ही भाषांतून ऐकावा लागतो. खुर्चीत बसताच काकू म्हणाल्या, "माझं अरळु मरळु झालंय बघा."

पहिल्या भेटीत माझ्याकडूनही चूक झाली. मुलासमोरच मी म्हणाले, "आता तुमची स्मरणशक्ती तपासूया." पाच शब्दांपैकी काही वेळाने त्यांना एकच आठवला. शंभरातून सात-सात वजा करताना त्या प्रत्येक आकड्यानंतर मुलाच्या चेहऱ्याकडे पाहत होत्या, आणि पुढे तर प्रश्न पुरा होण्याआधीच "येत नाही" असे उत्तर येऊ लागले. आठवण्याचा प्रयत्न करून चुकणे वेगळे आणि प्रयत्नच सोडून देणे वेगळे, हे कागदावरच्या गुणांत दिसत नाही.

कॅथरीन हॅस्लम आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग मला तेव्हा आठवला. त्यात सहभागी झालेले सगळे साठ ते सत्तर वर्षांचे होते. 'या अभ्यासात चाळीस ते सत्तर वयाची माणसे आहेत' असे काहींना सांगून त्यांना आपण वयस्क गटातले आहोत असे वाटू दिले, आणि वयाबरोबर बुद्धी सर्वच बाजूंनी खालावते असा मजकूर वाचायला दिला. त्यांपैकी सुमारे 70 टक्के लोक चाचणीत स्मृतिभ्रंशाच्या निकषात बसले. इतर गटांत हे प्रमाण सरासरी 14 टक्के होते. मेंदू तासाभरात बिघडला नव्हता. डोक्यात एका वेळी मोजक्याच गोष्टी धरून ठेवता येतात, आणि त्यातली बरीच जागा 'मी चुकतेय का' या धास्तीने अडवली, तर शब्दांसाठी फारसे काही उरत नाही.

तरीही सगळा दोष समजुतीवर ढकलणे धोक्याचे असते, म्हणून मी आधी त्यांना डॉक्टरांकडे पाठवले. बी-12 आणि थायरॉइडचे अहवाल ठीक आले. ऐकू मात्र कमी येत होते. मागाच्या खडखडाटात आयुष्य गेलेल्या घरांत हे नवल नाही, आणि जो शब्द नीट ऐकूच आला नाही तो आठवणार कसा?

पुढच्या भेटीत मुलाला बाहेर बसवले, मी बऱ्या कानाच्या बाजूला बसले आणि 'तपासणी' हा शब्द टाळून चालू वर्षाच्या भिशीबद्दल विचारले. जुन्या आठवणी स्मृतिभ्रंशातही पुष्कळ काळ टिकतात, म्हणून मागच्या वर्षांच्या हिशेबावर विसंबून चालले नसते. वही हातून जाण्यापूर्वीच्या महिन्यांत भिशी कोणाकोणाला लागली, ते त्यांनी एक नाव वगळता बरोबर सांगितले. बाजारातून आणायच्या पाच नव्या वस्तूंपैकी चार दहा मिनिटांनी आठवल्या. यात कानाचा वाटा किती आणि धास्तीचा किती, हे मला वेगळे करता येणार नाही.

भारतात साठीपुढच्या लोकांपैकी सुमारे 7.4 टक्क्यांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज राष्ट्रीय पाहणीवरून 2023 मध्ये मांडला गेला. म्हणजे शंभरातल्या नव्वदाहून अधिक जणांना तो नाही. मात्र रोजच्या वाटेवर चुकणे, तोच प्रश्न तासाभरात पुन्हा पुन्हा विचारणे, नेहमीचा पैशांचा व्यवहार न उमगणे, अशी लक्षणे दिसली आणि ती वाढत असली, तर समुपदेशकाच्या आधी मेंदूविकारतज्ज्ञ गाठावा. तपासणी माणूस ज्या भाषेत मोजतो त्या भाषेत व्हावी, असा आग्रहही धरावा. मराठीत पाढे शिकलेल्या बाईला कन्नडमध्ये वजाबाकी करायला लावून फार काही कळत नाही.

मुलाने वही परत दिली, हप्त्यांची बेरीज नात तपासते, दूध तापवताना काकू आता ओट्याजवळच स्टूल घेऊन बसतात. सहा महिन्यांनी पुन्हा भेटायचे ठरले होते. आठवडाभर आधी काकूंचाच फोन आला: त्या दिवशी भिशी आहे, तारीख बदला.