वाचकांचे प्रश्न : हिवाळ्यातील बैठका आणि गावाचे सभागृह

प्रश्न : आमच्या गावात आमदार निधीतून बांधलेले सभागृह आहे, परंतु ते लग्नाच्या पंगती आणि मतदान एवढ्यापुरतेच उघडते. गेल्या हिवाळ्यात आम्ही काही तरुणांनी दर शनिवारी रात्री नऊ वाजता तेथे व्याख्याने ठेवली. पहिल्या शनिवारी सभागृह भरले; पुढे मात्र वक्ता आणि आयोजकच उरले. त्याच महिन्यात मारुतीच्या देवळापुढील हरिनाम सप्ताहाला रोज रात्री मांडव अपुरा पडत होता. लोकांना नवे काही ऐकण्याची ओढ उरलेली नाही, असे समजावे काय?
— एक वाचक, निफाड तालुका

उत्तर : तसे समजू नये. सप्ताहाला येणारी माणसे तीच आणि थंडीही तीच असते; फरक पडतो तो आलेल्या माणसाच्या वाट्याला काय काम येते यामुळे. पहाटे काकडा, सकाळी ज्ञानेश्वरीचे पारायण, सायंकाळी हरिपाठ आणि रात्री कीर्तन असा सप्ताहाचा दिवस बांधलेला असतो आणि सातही दिवस वीणा खाली ठेवायची नाही असा नेम असल्यामुळे तिचे पहारे लावावे लागतात. मध्यरात्री दोन वाजता ज्याचा पहारा असतो तो कानटोपी घालून, घोंगडी पांघरून येतो, आधीचा पहारेकरी आपल्या गळ्यातील वीणा त्याच्या गळ्यात घालतो, दोघे एकमेकांच्या पाया पडतात आणि पहिला घरी जातो. त्या वेळी मांडवात ऐकायला बहुधा कुणीही नसते, तरीही पहारा चुकत नाही. आजची पंगत कुणाकडे, सरपण कुणाच्या मळ्यातून आणायचे, भाकरी कोणत्या आळीने द्यायच्या, हेही आधीच वाटून दिलेले असते. आपल्या व्याख्यानमालेत मात्र गावाला ऐकण्याखेरीज काहीच काम नव्हते, आणि दिवसभर राबून आलेल्या माणसाने नुसते ऐकण्यासाठी रात्री थंडीत बाहेर पडावे, ही अपेक्षा मला रास्त वाटत नाही.

वेळेचाही विचार व्हायला हवा. डिसेंबर-जानेवारीत आपल्या भागात द्राक्षबागेची कामे आणि उन्हाळ कांद्याची लागवड एकाच वेळी चालते. लागवडीच्या टोळीत गेलेली बाई सूर्य मावळताना, म्हणजे सहाच्या सुमारास घरी येते आणि भाकरी-कालवण उरकेपर्यंत आठ वाजतात. जेथे शेतीपंपांना अजून रात्रीची लाईट मिळते, तेथे पाळीच्या आठवड्यात घरातील पुरुष गव्हाला पाणी भरायला गेलेला असतो. पारा फारच उतरला तर बागायतदार बागेत शेकोट्या पेटवून रात्र काढतो. तेव्हा आपला शनिवार आणि नऊचा ठोका हे दोन्ही सोडून द्यावेत. आपल्याकडे आठवडे बाजाराच्या दिवशी मजुरांची सुट्टी असेल, तर त्याच दिवशी सायंकाळी साडेचार ते सहा ही वेळ धरावी.

विषय मात्र गावाच्या गरजेचा हवा. हिवाळा हा पाण्याचा हिशेब मांडण्याचा काळ आहे, कारण पाऊस संपलेला असतो, विहिरींची पातळी डोळ्यांसमोर असते आणि उन्हाळ्यात काय लावायचे हे अजून ठरवता येते. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने पडलेला पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडण्याची आणि त्यानुसार पिके ठरवण्याची रीत पाडली. शेतीसाठी बोअरवेल घ्यायची नाही आणि ऊस-केळी लावायची नाही, असे निर्बंध त्या गावाने स्वतःवर घालून घेतले. आपल्या गावाने लगेच तेवढे करावे असे मी म्हणत नाही. पहिल्या बैठकीसाठी एवढेच करावे, की प्रत्येक वस्तीवरील दोघांनी आपल्याकडच्या विहिरींची पातळी दोर सोडून मोजावी आणि ते आकडे सभागृहाच्या फळ्यावर स्वतःच्या हाताने लिहावेत. ज्याने मोजले तो सांगायला येईल, आणि ज्याच्या विहिरीविषयी सांगितले जाणार आहे तो ऐकायलाही येईल.

व्याख्यानांची आपली हौस मोडू नये, असेही मला मनापासून वाटते. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड आदिवासी गावाने ग्रामसभेच्या जोडीला अभ्यासगट चालवला. तेथे बाहेरचे जाणकारही येतात आणि विषय सर्व बाजूंनी समजून घेतला जातो. निर्णय मात्र ग्रामसभा घेते, आणि तोही बहुमताने नव्हे, तर सर्वसहमतीने. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्या गावाची घोषणा महाराष्ट्राला ठाऊक आहे, पण तिच्यामागे समजून घेण्याची ही सवय आहे, तिच्याकडे आपले लक्ष कमी जाते. आपणही वक्ता बोलवावा, परंतु गावाला प्रश्न पडल्यानंतर. विहिरींचे आकडे फळ्यावर लागले आणि दोन वस्त्यांत तफावत दिसली, की भूजलाच्या जाणकाराला बोलावण्याची मागणी लोकच करतील.

सप्ताहाची एवढी थोरवी सांगितल्यावर एक गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. देवळाच्या मांडवात पायरीशीच थांबणारी माणसे आजही काही गावांत आहेत. सभागृह सार्वजनिक पैशातून उभे राहिले आहे आणि तेथे कुणी कुठे बसावे याची जुनी रीत नाही, हे त्याचे मोठे बळ आहे. म्हणून पुढे खुर्च्यांची रांग मांडू नये. सर्वांसाठी एकच सतरंजी अंथरावी, आणि किल्ली दर आठवड्याला वेगळ्या वस्तीकडे द्यावी.

प्रश्न : दरवर्षी 26 जानेवारीची ग्रामसभा सभागृहात होते, पण आम्ही बायका दाराशी उभ्या राहून परत येतो. आत पुरुषांची गर्दी असते आणि बोलायला उठले की सासऱ्यांकडे, दिरांकडे पाहावे लागते. आम्हाला वेगळी सभा मागता येईल का?
— बचत गटाची एक सदस्य, बीड जिल्हा

उत्तर : ताई, मागण्याचा प्रश्नच नाही, कायद्याने ती ठरवूनच दिली आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 7 नुसार वर्षाला किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात आणि प्रत्येक नियमित ग्रामसभेच्या आधी महिला सभा घेतली पाहिजे. अनेक ठिकाणी ती कागदावर घेतली जाते आणि सह्या घरोघर फिरून गोळा होतात. आपल्या गटाने ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) आधी लेखी अर्ज द्यावा, त्याची पोच घ्यावी आणि सभेचा दिवस व वेळ स्वतः सुचवावी. मार्गशीर्षातील गुरुवारच्या हळदी-कुंकवाला बायका जमतातच. जानेवारीत संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत पुन्हा जमतात. यंदा त्यांतील एक हळदी-कुंकू सभागृहात ठेवावे, विधवा आणि एकल महिलांनाही आवर्जून बोलवावे, आणि त्याच बैठकीत आपले विषय ठरवून ठेवावेत. मग महिला सभेत ते ठराव म्हणून मांडून इतिवृत्तात लिहून घ्यावेत आणि आपल्या डोळ्यांदेखत वाचून घेतल्याशिवाय सही करू नये. महिला सभेचा ठराव हाती असला, की ग्रामसभेत एकटीने उठून बोलावे लागत नाही. तो वाचून दाखवा, एवढेच म्हणावे लागते.

प्रश्न : आमचे सभागृह पत्र्याचे असून पौषात ते बर्फासारखे गार पडते. बैठकीच्या वेळी आत कोळशाची शेगडी ठेवली तर चालेल का?
— एक वाचक, सिन्नर तालुका

उत्तर : मुळीच ठेवू नये. बंद जागेत कोळसा जळला की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो, आणि डोके जड होऊन गुंगी येईपर्यंत माणसाला काही कळत नाही. अशा शेगडीमुळे बंद खोलीत झोपलेली माणसे दगावल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. शेकोटी अंगणातच पेटवावी आणि आत फरशीवर आधी ताडपत्री, तिच्यावर सतरंजी अंथरावी. वाऱ्याच्या बाजूची दारे लावून समोरची एक खिडकी उघडी ठेवावी. पौष वद्य एकादशीच्या निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी त्र्यंबकेश्वरला पायी निघालेली एखादी दिंडी आपल्या सभागृहात मुक्कामाला आली, तर त्या वारकऱ्यांनाही हे आधी सांगावे, कारण रात्री पाय शेकण्यासाठी निखारे आत घेण्याचा मोह त्यांनाच जास्त होतो.