मधे हत्ती का, असं लेकीने विचारलं तर

प्रश्न : ताई, मी माणदेशातली, लग्नानंतर पिंपरी-चिंचवडला आले. आमच्या सोसायटीत नवरात्रातल्या एका रविवारी भोंडला असतो. गेल्या वर्षी अकरा वर्षांच्या लेकीला हौसेने नटवून नेलं. तिथे ती सगळ्यांसमोर म्हणाली, "मधे हत्ती का? आणि गाण्यांत सासू वाईटच का? आजी, तू पण आईशी अशी वागायचीस का?" बायका हसल्या, सासूबाईंना लागलं. घरी आल्यावर मला म्हणाल्या, "तुझ्या आईने तुला सगळं शिकवलं, तू हिला काय शिकवलंस?" मग मी फोनवर आलेली सणांमागची शास्त्रीय कारणं लेकीला वाचायला दिली. तिने त्यातली दोन शाळेत सरांना विचारली, ती चुकीची निघाली. आता कुठलाही सण आला की "हे पण खोटंच ना?" म्हणते. सात वर्षांचा मुलगा फक्त खाऊपुरता येतो. नवरा म्हणतो, सोडून दे. मी जबरदस्ती करू की सोडून देऊ?

उत्तर :

ताई, तुमच्या लेकीने हत्ती का, असं विचारलं, याचा मला फार आनंद झाला. त्या रिंगणात फेर धरणाऱ्या किती जणींनी आयुष्यात कधी तो प्रश्न विचारला असेल? अर्थ हरवल्याची तक्रार आपण मुलांबद्दल करतो, आणि इथे मूल अर्थच मागतंय. ते उत्तर तिला मिळालं नाही, एवढंच बिघडलंय. तिला ते तुम्हीच सगळ्यांत चांगलं देऊ शकता, कारण तुम्ही माणच्या आहात.

आठवून बघा, लहानपणी हादग्याचा, म्हणजे तुमच्याकडच्या भोंडल्याचा, अर्थ तुम्हाला कुणी बसवून सांगितला होता का? बहुधा नाही. सांगायची वेळच आली नसेल, कारण अर्थ दाराबाहेर दिसत होता. सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यातल्या माणच्या वाट्याला त्याचा जेमतेम दहावा हिस्सा येतो. ढग सह्याद्रीवरच रिकामे होतात. जून-जुलैत कोकण भिजत असतं तेव्हा माणदेश आभाळाकडे बघत असतो. त्याचा भरवसा परतीच्या पावसावर. सूर्य हस्त नक्षत्रात जातो तो दरवर्षी २७ सप्टेंबरच्या आसपास, आणि तिथे साधारण दोन आठवडे असतो. या दिवसांत गडगडाटासह कोसळतो तो लोकांच्या तोंडी हत्तीचा पाऊस. तो पडला, वाफसा आला, म्हणजे रान पेरण्याजोगं झालं, की पाभर (पेरणीचं अवजार) चालायची आणि शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, पेरला जायचा. शाळवाला नंतर पाऊस मिळतोच असं नाही. काळ्या रानात मुरलेल्या ओलीवर आणि थंडीवर तो येतो. म्हणजे माणसांची वर्षाची भाकरी आणि जनावरांचा कडबा या एका नक्षत्रावर टांगलेला. आणि नेमक्या त्या दिवसांत घरातल्या मुली पाटावर हत्ती मांडतात किंवा भिंतीवर समोरासमोर दोन हत्तींचं चित्र लावून त्याला फळाफुलांच्या माळा घालतात, आणि त्याच्यापुढे फेर धरतात.

आता हे सगळं पिंपरीच्या पार्किंगमध्ये, छापील हत्तीभोवती, लाऊडस्पीकरवर उभं करायचं म्हटलं तर मुलीला काय दिसणार? तिच्या भाकरीचा त्या पावसाशी काही संबंध तिने पाहिलेला नाही. तिच्यासाठी पाऊस म्हणजे शाळेची बस उशिरा येणं. यात तिचा दोष नाही, तुमचाही नाही. सण घराबरोबर शहरात आला, रान मागे राहिलं.

म्हणून समजावून सांगण्याच्या आधी दाखवा. या वर्षी सप्टेंबर संपताना दोन दिवस काढून मुलांना माहेरी घेऊन जा. कुणाचं तरी रान असेलच. तुमच्या वडिलांना किंवा भावाला म्हणावं, पोरांना बांधावर उभं करा आणि आता काय पेरणार, कशाची वाट बघताय, पाऊस आला नाही तर काय होतं, ते सांगा. यात सणाचा विषयही काढू नका. रात्री घरी आल्यावर पाटावर तांदळाचा हत्ती काढायला बसा. लेक हुशार आहे, तिचं ती जोडेल. जाणं जमणार नसेल तर निदान फोनवर मामाशी बोलू दे.

तारखांचाही तिला विचार करायला लावा, कारण या वयात मुलांना असली कोडी आवडतात. हस्त सूर्यावर चालतं, नवरात्र चंद्रावर. २०२५मध्ये घटस्थापना २२ सप्टेंबरला होती. २०२३मध्ये अधिक श्रावण आला आणि ती १५ ऑक्टोबरला गेली, म्हणजे हस्त संपून गेल्यावर. काही घरांत हस्ताचे सोळा दिवस धरतात, काही ठिकाणी घटस्थापनेपासून कोजागरीपर्यंत खेळतात. विदर्भ-खानदेशात तर भाद्रपद पौर्णिमेपासून महिनाभर भुलाबाई असते. तिथे हत्ती नाही, भुलाबाई-भुलोजीची मातीची जोडी असते. पण गाणी आहेत आणि खाऊ ओळखायचा खेळही आहे. तुमच्या सोसायटीत नागपूर-जळगावकडची घरं नक्की असतील. लेकीला त्या काकूंकडे पाठवा, त्यांचं कसं असतं ते विचारून येऊ दे. 'असंच करायचं असतं' हे वाक्य मग आपोआप मागे पडतं, आणि मला वाटतं मुलांना सणांपासून सगळ्यांत जास्त दूर ढकलणारं वाक्य तेच आहे.

आता त्या शास्त्रीय कारणांबद्दल. ती देणं कृपा करून बंद करा. तुमचा हेतू चांगला होता हे मला कळतं. पण जुन्या रीतीला मान मिळावा म्हणून तिला विज्ञानाचा उसना अंगरखा घातला, की तो फाटल्यावर मूल रीतही टाकून देतं, आणि सांगणाऱ्यावरचा विश्वासही. तुमच्याकडे झालंय ते हेच. लेकीला सरळ सांगा, "मी तुला दिलेलं मी स्वतः तपासलं नव्हतं. तू तपासलंस ते बरं केलंस. आता आपण दोघी मिळून बघू, काय खरं माहीत आहे आणि काय नाही."

संक्रांतीपासून सुरुवात करा, तिथे डोळ्यांना दिसणारं पुष्कळ आहे. जानेवारीत तिला मंडईत न्या. ओला हरभरा, गाजर, वांगी, पावटा, घेवडा, बोरं, ऊस. भोगीच्या भाजीत आणि सुगडात जे जातं, तेच त्या आठवड्यात रानातून येत असतं. खरिपाचे तीळ घरात आलेले असतात, गुऱ्हाळं चालू असतात, म्हणून नवा गूळ असतो. तिळात तेल भरपूर आणि बाजरीची भाकरी थंडीत बरी लागते, हेही खरं. आणि काळे कपडे? काळा रंग ऊन जास्त शोषतो हे ती शाळेत शिकेल. पण आपल्या पणज्यांनी तेवढ्याचसाठी काळी चंद्रकळा नेसायला सुरुवात केली का, हे कुणीच छातीठोक सांगू शकत नाही. तसंच तिला सांगा. आईने एखाद्या गोष्टीबद्दल "हे कुणाला माहीत नाही" म्हटलं, तर बाकीच्या गोष्टींवर मूल जास्त विश्वास ठेवतं, असा माझा अनुभव आहे.

पंचांगातली पावसाची वाहनंही तिच्या हाती द्या. पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला वाहन दिलेलं असतं. बेडूक, म्हैस, हत्ती असला की भरपूर पाऊस, असा आडाखा आहे. मृगापासून हस्तापर्यंत भिंतीवर कागद लावा. वाहन कोणतं आणि पाऊस कसा पडला, ते दोन्ही भावंडांनी लिहायचं. आडाखा चुकला तर चुकला म्हणून लिहू दे. लेकाचीही इथेच वर्णी लागेल. 'हा बायकांचा खेळ' म्हणून त्याला बाजूला ठेवू नका. सात वर्षांचा मुलगा हत्तीची सोंड काढायला एका पायावर तयार असतो.

आणि खाऊपुरता येतो म्हणून त्याच्यावर रागावू नका. पहिल्या दिवशी एक गाणं एक खिरापत, दुसऱ्या दिवशी दोन, असं वाढत जाणं आणि डबा हलवून आवाजावरून, वासावरून ओळखणं, ही मुलांना धरून ठेवायचीच युक्ती आहे. फक्त विकतचा एकच खाऊ सगळ्यांना पाकिटातून वाटला, की ओळखायला काही उरत नाही. या वर्षी खिरापत काय करायची हे भावंडांना ठरवू दे, आणि ती शेवटपर्यंत लपवू दे. तुम्हालाही सांगायची नाही.

राहिला सासूचा प्रश्न, तो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. तुमच्या लेकीने गाणी नीट ऐकली म्हणूनच तो तिला पडला. तिला खरं उत्तर द्या. ज्या काळात आठ-दहा वर्षांच्या मुलींची लग्नं होत, त्या परक्या घरी राबत आणि माहेरी जायलाही परवानगी लागे, त्या काळात मनातलं उघड बोलायला त्यांना जागा नव्हती. फेरात हात धरून गाण्याच्या आडून सासूला, नणंदेला, नवऱ्याला नावं ठेवता येत. वर्षातले तेवढेच दिवस. हे कळलं की ती गाणी तुमच्या लेकीला जुनाट वाटणार नाहीत. कदाचित वाईट वाटेल, आणि वाटू दे. त्यातली एखादी ओळ तिला म्हणावीशी वाटली नाही तर तिने गप्प राहावं, किंवा नवी ओळ जोडावी. बायकांनी गावोगाव ओळी बदलतच ही गाणी इथवर आणली आहेत, म्हणून तर माहेरची गाणी सासरच्यांशी पूर्ण जुळत नाहीत.

सासूबाईंना चारचौघांत ते लागलं, हे साहजिक आहे. त्यांना लेकीकडून "सॉरी" म्हणवून घेऊ नका, त्याने दोघींत अढी बसेल. उलट त्यांना एकदा निवांत विचारा, "तुम्ही नवीन लग्न होऊन आलात तेव्हा पहिला भोंडला कसा होता? माहेरी जाऊ दिलं होतं का?" लेकीला तिथे बसू द्या. सून म्हणून काय सोसलं, हे कदाचित त्यांना आजवर कुणी विचारलंच नसेल. "तू हिला काय शिकवलंस" या बोलण्यामागे मला रागापेक्षा भीती जास्त दिसते, आपल्यामागे हे कोण करणार, ही. नातीने समोर बसून ऐकलं तर ती थोडी तरी कमी होईल. त्यांचा टोमणा मात्र मनाला लावून घेऊ नका. तुमच्या आईला अंगण होतं, गल्लीभर मुली होत्या, दार उघडलं की पाऊस होता. तुमच्याकडे एक रविवारची संध्याकाळ आहे.

जबरदस्ती करू की सोडून देऊ, याचं माझं उत्तर असं. नटण्याची, स्टेजवर जाण्याची, फोटोची जबरदस्ती अजिबात नको. घरात मात्र वर्षातले तीन-चार दिवस सगळ्यांचे आहेत, त्या दिवशी प्रत्येकाला एक काम आहे, हे ठाम ठेवा. काम खरं हवं, म्हणजे ते त्यांनी केलं नाही तर ते होणारच नाही, असं. कोणते तीन-चार दिवस, हे चौघांनी आणि आजींनी एकत्र बसून निवडा. नवऱ्यालाही त्यात घ्या, 'सोडून दे' म्हणणाऱ्याने कोणता सण सोडायचा आणि कोणता ठेवायचा ते तरी सांगावं. आणि लेकीने निवडीत भोंडला टाकून पोळा घेतला, तर मन मोठं करून मान्य करा. माणदेशात तो आषाढातला बेंदूर असतो, आणि घरच्या बैलांसाठी मामाकडे जायला तिला आणखी एक निमित्त मिळेल.

यंदाच्या सोसायटीच्या भोंडल्याचं म्हणाल, तर आयोजक मैत्रिणींना आधीच एवढं सुचवा की छापील हत्तीऐवजी मुलांना पाटावर मांडू द्या, आणि स्पीकर बंद ठेवून एक तरी फेर नुसत्या आवाजावर होऊ द्या. त्यांनी ऐकलं नाही तर भांडू नका. घरी जिन्यातल्या चार मुलींना बोलवा, एक पाट पुरतो.