एनक्लेक्स-पीएन: 'आधी कोणाकडे जाल'चे प्रश्न का चुकतात आणि काय वाचावं

ताई, एनक्लेक्स-पीएन म्हणजे अमेरिकेत प्रॅक्टिकल नर्सचं (पीएन) लायसन्स मिळवायची परीक्षा. तुमचं जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालंय, नागपुरातच मेडिसिन वॉर्डाचा अनुभव आहे. आजारांवरचे प्रश्न बरोबर येतात, पण 'आधी कोणाकडे जाल' आणि 'हे काम कोणाला द्याल' यात मार्क जातात, म्हणून अजून कोणतं क्लिनिकल वाचू असं विचारलंत. माझं मत विचाराल तर नवीन पुस्तक उघडू नका. आधी प्रश्नात तुम्ही कोण आहात ते पक्कं करा. (जीएनएमवर पीएन द्यायची की आरएन म्हणजे रजिस्टर्ड नर्सची परीक्षा, हे ज्या राज्याचं लायसन्स हवं तिथल्या बोर्डालाच विचारा, मी त्यात शिरत नाही.)

आपल्याकडे रात्रपाळीला अख्खा वॉर्ड एका-दोघी सिस्टरवर असतो. नवा पेशंट तीच घेते, सलाईन तीच लावते, शिरेतलं इंजेक्शन तीच देते, डिस्चार्जच्या वेळी नातेवाइकांना तीच समजावते. परीक्षेतली पीएन आरएनच्या देखरेखीखाली असते. पहिलं असेसमेंट, केअर प्लॅन, पहिल्यांदा शिकवणं, रक्त लावणं आणि अस्थिर पेशंट हे सगळं आरएनचं. पीएनकडे स्थिर पेशंट: गोळ्या, ड्रेसिंग, कॅथेटर, लक्ष ठेवणं, आरएनने शिकवलेलं पुन्हा सांगणं. अंघोळ, चालवणं, स्थिर पेशंटचं टीपीआर-बीपी (ताप, नाडी, श्वास, रक्तदाब) ही कामं नर्सिंग असिस्टंटला देता येतात. पण गिळताना ठसका लागणाऱ्या पेशंटला भरवायचं काम तिला द्यायचं नाही. अनुभवी सिस्टर इथेच जास्त चुकतात, हात सवयीनं पुढे जातो ना! आणि हा भाग किरकोळ नाही: परीक्षेच्या २०२३ च्या आराखड्यात 'कोऑर्डिनेटेड केअर'ला (काम वाटणं, कोणाला आधी बघायचं ते ठरवणं) १८ ते २४ टक्के, म्हणजे सगळ्यात मोठा वाटा आहे.

आता प्रायॉरिटी. समजा चार पेशंट दिलेत. सीओपीडीचे (फुफ्फुसाचा जुनाट आजार) आजोबा, ऑक्सिजन सॅच्युरेशन ९०. मधुमेहाच्या काकू, शुगर १८०. ऑपरेशनचा दुसरा दिवस, टाक्यांत दुखतंय. सिकलसेलचा मुलगा, काल हातपाय दुखत होते, आज छातीत दुखतंय आणि धाप लागलीय. आपल्या वॉर्डात जो नातेवाईक जास्त ओरडतो त्याच्याकडे आधी जावं लागतं, ते सोडा. प्रत्येकाला एकच प्रश्न लावा: या आजारात हे अपेक्षित आहे का? सीओपीडीत ९० चालतं, १८० ने आत्ता जीव जात नाही, टाके दुखणारच. सिकलसेलमध्ये छातीचं दुखणं आणि धाप नव्याने सुरू होणं म्हणजे ॲक्यूट चेस्ट सिंड्रोम, म्हणजे फुफ्फुसातली जिवावरची गुंतागुंत असू शकते. आधी तो मुलगा, आणि लगेच आरएनला कळवायचं. विदर्भात सिकलसेल इतका पाहिलाय आपण की हे प्रश्न फुकटचे मार्क आहेत: पाणी भरपूर, वेदनाशामक वेळेवर, सॅच्युरेशन कमी असेल तर ऑक्सिजन, दुखऱ्या जागी बर्फ कधीच नाही, ताप आला तर थांबायचं नाही. तसाच उष्माघात. अंग ४० अंशांवर आणि पेशंट बरळतोय, तर शरीर थंड करणं आधी, पॅरासिटामॉलचा तिथे उपयोग नाही. (खिशातल्या कांद्याचा तर पर्यायच नसतो बाप्पा.)

आकडे पाठ करताना नुसता आकडा नको, त्यापुढची कृती जोडून करा. पोटॅशियम ३.५ ते ५ हे सगळ्यांनाच येतं. पण फ्युरोसेमाइडने (लघवी वाढवणारं औषध) पोटॅशियम घसरतं, ते घसरलं की डिगॉक्सिन (हृदयाचं औषध) नेहमीच्याच डोसमध्ये विषारी ठरू शकतं, आणि पेशंट फक्त 'भूक नाही, मळमळतंय, पिवळं पिवळं दिसतंय' एवढंच सांगतो. ही साखळी दिसली की उत्तर दिसतं: छातीवर स्टेथोस्कोप ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजायचे, मोठ्या माणसात ६० च्या खाली असतील तर गोळी थांबवून कळवायचं. डागाला (नागपूरचं स्त्री रुग्णालय) पोस्टिंग झालं असेल तर गरोदरपणातल्या झटक्यांवरचं मॅग्नेशियम सल्फेट तुम्हाला येतंच: गुडघ्याचा रिफ्लेक्स गेला, श्वास १२ च्या खाली, लघवी तासाला ३० मिलीपेक्षा कमी, तर औषध थांबवायचं, उतारा कॅल्शियम ग्लुकोनेट. शुगर ७० च्या खाली आणि पेशंट शुद्धीवर, तर १५ ग्रॅम साखरेचं काहीतरी, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. रक्त चालू असताना थंडी वाजली, कंबर दुखली तर सगळ्यात आधी रक्त बंद. फोन, केस पेपर नंतर.

इन्फेक्शन कंट्रोल पुस्तकातलंच लिहायचं, वॉर्डातलं नाही. जनरल वॉर्डात खिडकीजवळ टीबीचा बेड हे इथे चालून जातं, तिथे टीबी, गोवर, कांजिण्यांना निगेटिव्ह प्रेशरची वेगळी खोली, आणि टीबीच्या खोलीत एन-९५ घालूनच जायचं. सी. डिफिसिल या जंतूच्या जुलाबात हात साबण-पाण्याने, सॅनिटायझर चालत नाही.

औषधांची नावं अमेरिकन लागतील: पॅरासिटामॉल म्हणजे ॲसिटअमिनोफेन, ॲड्रेनालिन म्हणजे एपिनेफ्रिन, साल्ब्युटामॉल म्हणजे अल्ब्युटेरॉल, पेथिडिन म्हणजे मेपेरिडिन. ब्रँड विसरा.

परीक्षेच्या रचनेचं फार टेन्शन नको. एप्रिल २०२३ पासून ८५ ते १५० प्रश्न आणि ५ तास, केस स्टडीत अर्धवट बरोबर उत्तरालाही मार्क. मशीन ८५ वर थांबलं म्हणजे पास किंवा नापास, काहीच कळत नाही.

आजपासून सराव करताना चुकलेल्या प्रश्नासमोर एकच गोष्ट लिहा: आजार माहीत नव्हता, की पीएनची हद्द ओलांडली. पंधरा दिवसांनी ती वही चाळा. हद्दीच्या चुका जास्त निघाल्या तर पॅथॉलॉजी बाजूला ठेवून फक्त डेलिगेशन ('हे काम कोणाला द्याल') आणि प्रायॉरिटीचे प्रश्न सोडवा, रोज पंचवीस-तीस पुरेत.