गावाकडच्या मुलींच्या वसतिगृहासाठी लिहून मदत मिळवायची आहे. सुरुवात कशी करू? पैसे आधी माझ्या खात्यावर घेतले तर चालतील का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण मी देणग्यांच्या पावत्या फाडणाऱ्या बाजूला बसतो आणि हा घोळ निस्तरणं माझ्याच वाट्याला येतं. स्वतःच्या खात्यावर एक रुपयाही घेऊ नका. तुमच्या सचोटीचा इथे प्रश्नच नाही. तुम्ही चाळीस जणांचे पैसे गोळा करून एकरकमी पुढे पाठवले की संस्थेच्या वहीत देणगीदार एकच दिसतो, तुम्ही. पावती तुमच्या नावाची निघते, ८०जीची, म्हणजे देणगीवर मिळणारी आयकराची, सवलत तुमच्या पॅनवर चढते आणि मार्चमध्ये चाळीस जण तुम्हाला फोन करतात. शिवाय नोंदणीकृत संस्था नसताना धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसे जमवायला महाराष्ट्रात १९५० च्या विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम ४१ क आहे. गणेश मंडळं वर्गणीआधी धर्मादाय कार्यालयातून परवानगी काढतात ती त्याच कलमाखाली.

तेव्हा विश्वस्तांकडून लेखी संमती घ्या आणि क्यूआर थेट संस्थेच्या खात्याचा मागा. तो छापण्याआधी स्वतः एक रुपया पाठवून बघा. पडद्यावर येणारं नाव नोंदणी दाखल्यावरच्या नावाशी जुळलं पाहिजे. सचिवांचं नाव आलं तर तिथेच थांबा. पासबुकात देणगीदाराचं नाव अर्धवट तुटून येतं, सोबत व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक, बाकी काही नाही. म्हणून क्यूआरच्या खालीच लिहा: पैसे भरल्यावर पूर्ण नाव, पत्ता, पॅन आणि तो बारा आकडी क्रमांक अमुक नंबरवर कळवा. हे आलं नाही तर देणगी निनावी राहते, आणि निनावी रक्कम मर्यादेपुढे गेली की संस्थेला तिच्यावर ३० टक्के कर बसतो. रोखीने २००० रुपयांच्या वर दिलेल्या देणगीला ८०जी नाही, वस्तूंना तर मुळीच नाही.

परदेशातले नातेवाईक हमखास विचारतील. भारतीय पासपोर्ट असेल तर त्यांच्या स्वतःच्या कमाईतले पैसे चालतात. अमेरिकेचा पासपोर्ट घेतला असेल, मग ओसीआय कार्ड का असेना, ती विदेशी देणगी. ती फक्त एफसीआरए (विदेशी देणगी नियमन कायदा) नोंदणी असलेल्या संस्थेला, आणि तीही स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातूनच घेता येते. छोट्या वसतिगृहाकडे ही नोंदणी सहसा नसते. तसं आवाहनात स्पष्ट लिहा.

आता मजकुराबद्दल. आकडा, तारीख आणि शेवट, या तीन गोष्टी नसतील तर लिहूच नका. एका वसतिगृहाच्या वह्यांचं उदाहरण देतो. 'मुलींना वह्या हव्या आहेत, पुढे पाठवा' एवढाच निरोप, खाली अधीक्षिकेचा खासगी नंबर. मुली ८०, प्रत्येकीला सहा वह्या, म्हणजे गरज ४८० ची, त्याही २०० पानी. आल्या बहुतेक १०० पानी एकरेघी. गणिताला चौकटीच्या हव्या होत्या, त्या जवळजवळ नाहीतच. निरोपावर तारीख नसल्याने तो दिवाळीत पुन्हा फिरला, पुढच्या वर्षी पुन्हा. खोकी व्हरांड्यात, पावसाने खालचा थर फुगलेला, हमालीचा खर्च संस्थेच्या माथी, आणि अधीक्षिकेचा फोन रात्री अकराला वाजतोय. तेच पैसे खात्यावर आले असते तर पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून ठोक भावाने, हव्या त्या रेघांच्या वह्या एका फेरीत आल्या असत्या. म्हणून असं लिहा: '४८० वह्या, एकूण इतके रुपये, ३१ मेपर्यंत. रक्कम पुरी झाली की हा निरोप बंद.' पुरी झाल्यावर तसा निरोप त्याच गटांवर खरंच टाका आणि दुकानाच्या बिलाचा फोटो जोडा. मुलींच्या चेहऱ्यांचे फोटो नकोत. बालगृह असेल तर बाल न्याय कायद्याचं कलम ७४ त्यांची ओळख उघड करायला मनाईच करतं.

'पैसे दिले की खाल्ले जातात, वस्तू दिली की खात्री' असं म्हणणाऱ्यांशी मी कायम भांडत आलो आहे. खात्री हवी तर लेखापरीक्षण अहवाल मागा, नोंदणी क्रमांक धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर तपासा, संस्थेच्या ८०जी मान्यतेची मुदत संपली नाही ना ते बघा. वस्तू कधीच नकोत असं नाही. संस्थेने स्वतः यादी दिली असेल तर नवी, यादीतलीच द्या. आणि हो, नवी करप्रणाली निवडलेल्यांना ८०जीची वजावट मिळत नाही, त्यांना ती दाखवून भुलवू नका.

शेवटचं, आणि यावर मी मागे हटणार नाही. 'एक रुपयाही पगारावर खर्च होत नाही' हे वाक्य तुमच्या आवाहनात नको. रात्री दोनला ताप आलेल्या मुलीला रिक्षात घालून दवाखान्यात नेते ती अधीक्षिका. वह्यांना शंभर दाते मिळतात, तिच्या पगाराला एकही मिळत नाही, आणि ती सोडून गेली की वसतिगृहाला कुलूप लागतं. तेव्हा वह्यांच्या ओळीखाली दुसरी ओळ घाला, तितक्याच मोठ्या अक्षरात: 'अधीक्षिकेचा जून ते ऑगस्टचा पगार, इतके रुपये.'