बाहेर उभं केलं की त्याचं काम झालं

“मारायचं नाही, ओरडायचं नाही, वर्गाबाहेर काढायचं नाही. मग मॅडम, चाळीस पोरं सांभाळायची कशी ते तरी सांगा!” शाळांमध्ये समुपदेशक म्हणून काम करते; शिक्षकांच्या प्रशिक्षणात हा प्रश्न मला कुणीतरी हमखास विचारतं. विचारणाऱ्याच्या आवाजात रागापेक्षा थकवाच जास्त असतो. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी घातली. छडी गेली, बरंच झालं. पण तिच्या जागी काय, हे बहुतेकांना कुणी धडपणे शिकवलंच नाही. त्याच कायद्यात प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक असंही लिहिलंय, ते किती वर्गांत दिसतं ते तुम्हीच बघा. म्हणून या प्रश्नावर कायद्याचं कलम वाचून दाखवणं मला पटत नाही. त्यापेक्षा एका वर्गात काय घडलं ते सांगते. नावं आणि ओळखीच्या खुणा अर्थातच बदलल्या आहेत.

तालुक्याच्या गावातली मराठी शाळा. इयत्ता तिसरी, पटावर ४१ मुलं. वर्गशिक्षिका प्राजक्ताबाई, नोकरीला बारा-तेरा वर्षं झालेली, मनापासून शिकवणाऱ्या. भेटायला आल्या तेव्हा घसा बसलेला होता. म्हणाल्या, “एकट्या ओममुळे सगळा वर्ग नासतोय. मध्येच भुंकतो काय, बाकाखाली शिरतो काय, शेजारच्याची वही ओढतो काय. त्याला एडीएचडी आहे का, तेवढं बघून सांगा. म्हणजे पालकांना सांगायला बरं.”

एडीएचडी म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलतेचा विकार. हल्ली हा शब्द शिक्षकखोलीत फार स्वस्त झालाय. एडीएचडीचं निदान समुपदेशक वर्गात डोकावून करत नाही. ते काम बालमानसोपचारतज्ज्ञाचं किंवा मुलांच्या विकासाचा अभ्यास असलेल्या बालरोगतज्ज्ञाचं. त्यासाठी लक्षणं निदान सहा महिने दिसावी लागतात, बाराव्या वर्षाच्या आत सुरू झालेली असावी लागतात आणि घर, शाळा अशा एकाहून अधिक ठिकाणी दिसावी लागतात. ‘मोबाइलवर तासभर शांत बसतो, म्हणजे त्याला काही नाही’ हेही खरं नाही, आणि ‘चुळबुळ करतो, म्हणजे एडीएचडी’ हेही नाही. मी बाईंना म्हटलं, आधी मला तुमच्या वर्गात मागच्या बाकावर बसू द्या.

मागच्या बाकावर बसले की मी वहीत तीन रकाने पाडते. आधी काय चाललं होतं, मुलाने काय केलं, त्यानंतर लगेच काय झालं. मधल्या रकान्यात सगळ्यांनाच रस असतो. खरी माहिती कडेच्या दोन रकान्यांत मिळते.

गणिताच्या तासाला ओमने काहीही केलं नाही. म्हणजे बोलला, हसला, पेन्सिल चावली, पण पाढे खणखणीत म्हटले आणि तोंडी उदाहरणांना सगळ्यांच्या आधी हात वर केला. फळ्यावरची आकडेमोड नीट उतरवून घेतली. मग मराठीचा तास लागला. बाईंनी धडा काढायला सांगितला आणि पहिल्या बाकापासून प्रकट वाचन सुरू केलं. एकेका मुलाने उठायचं, एकेक परिच्छेद वाचायचा. ओम तिसऱ्या रांगेत. पहिली रांग वाचत होती तोवर तो शांत होता. दुसऱ्या रांगेतला मधला मुलगा उठला आणि ओमचा खोडरबर खाली पडला. तो उचलायला वाकला तो बाकाखालीच राहिला. बाई म्हणाल्या, “ओम, वर ये.” आला. पुढची मुलगी वाचायला उठली आणि ओम भुंकला. वर्ग हसला. बाईंनी डोळे वटारले. आता त्याच्या अलीकडे एकच मुलगा उरला होता. ओमने शेजाऱ्याच्या वहीवर पेनाने रेघ ओढली, तो शेजारी “बाईऽऽ” म्हणून किंचाळला आणि बाईंचा संयम संपला. “जा, बाहेर उभा राहा!”

ओम उठला. जाताना त्याने पाण्याची बाटली सोबत घेतली. शिक्षा झालेलं मूल बाटली घेऊन निघत नाही.

मी पाच मिनिटांनी बाहेर जाऊन पाहिलं. व्हरांड्याच्या टोकाला पोषण आहाराची खिचडी शिजत होती आणि ओम स्वयंपाकाच्या मावशींना ताटं मोजून देत होता. मावशींनी कौतुकाने सांगितलं, “लई कामाचं पोरगं हाय. रोज येतंय मदतीला.”

रोज. मधल्या सुट्टीच्या आधीचा तास रोज मराठीचाच होता.

मी बाईंना वही दाखवली तेव्हा त्या गप्प झाल्या, मग जरा चिडल्या. “म्हणजे हा मुद्दाम करतो?” मुद्दाम या शब्दात एक कावेबाज मूल दडलेलं असतं. आठ वर्षांचा ओम असा हिशेब मांडून बसत नव्हता. वाचायची पाळी जवळ आली की पोटात गोळा यायचा, दंगा केला की पाळी टळायची. असं चार-पाचदा झालं की ते अंगवळणी पडतं. ज्याला आपण शिक्षा म्हणत होतो ती त्याची सुटका होती.

पुढचा प्रश्न उघड होता, त्याला वाचता येतं का? दुसऱ्या दिवशी ओमला एकट्याला घेऊन बसले. काना-मात्रेचे शब्द तो हळूहळू वाचत होता. जोडाक्षर आलं की अंदाज. ‘प्रकाश’ला ‘पकाश’, ‘स्वच्छ’ला आधी ‘सवछ’ आणि मग माझ्या तोंडाकडे बघत ‘सफाई?’ चित्र बघून, मागचं-पुढचं ऐकून, पाठ करून त्याने दुसरी निभावून नेली होती. तिसरीत उतारे लांबले आणि ती युक्ती पुरेना. डोळे आणि कान तपासून घ्यायला सांगितलं. शाळांमधून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांच्याकडून ते झालं. दोन्ही ठीक निघाले. हे आधी करायचंच असतं. फळा न दिसणारी आणि बाईंचं अर्धंच ऐकू येणारी मुलंही ‘मस्तीखोर’ म्हणून माझ्याकडे पाठवली जातात.

ओमच्या वडिलांना बोलावलं. भाजीची गाडी लावतात, बिचारे माल सोडून आले होते. खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाले, “मॅडम, दोन फटके द्या हो खुशाल. आमची ना नाही. आम्ही पण मार खाऊनच शिकलो.” बहुतेक वडील हे वाक्य शाळेला मदत म्हणूनच म्हणतात. त्यांना सांगितलं, “दादा, तुम्ही परवानगी दिली तरी बाईंना तसं करता येत नाही, कायदाच आहे. आणि फटक्याने जोडाक्षर येत नाही.” आई तेवढ्यात म्हणाली, “घरी पण पुस्तक काढ म्हटलं की याच्या पोटात दुखतं.” मला हवा होता तो धागा त्या एका वाक्यात होता.

मग आम्ही काय केलं? बाईंना सर्वांत जास्त खटकलं ते पहिलं. ओमला वाचनाच्या तासाला बाहेर काढायचं बंद. भुंकला तरी, बाकाखाली गेला तरी. त्याच वेळी वाचन त्याच्या आवाक्यात आणायचं. उद्या कुठल्या चार ओळी त्याच्या वाट्याला येणार ते आज सांगायचं. परिपाठाआधी पाच मिनिटं त्या ओळी बाईंपाशी वाचून घ्यायच्या. वर्गात आधी सगळ्यांनी मिळून वाचायचं, मग जोडीने, आणि एकट्याने शेवटी. अगदीच जमत नसेल त्या दिवशी त्याने पुस्तकाच्या कोपऱ्यावर बोट ठेवायचं, बाई न बोलता पुढच्या मुलाकडे जातील आणि त्या ओळी नंतर त्याच्याकडून टेबलापाशी वाचून घेतील. पाळी टळणार नाही, फक्त चारचौघांतली फजिती टळेल.

“म्हणजे जो दंगा करतो त्याचेच लाड? बाकीच्या चाळीस जणांनी काय घोडं मारलंय?” बाईंचा हा सवाल रास्त होता. पण चार ओळी आदल्या दिवशी सांगणं हा लाड नाही, शिकवण्याचाच भाग आहे. शिवाय जोडीने वाचनाचा फायदा ओमएवढाच, किंबहुना जास्तच, मागच्या बाकावर ओठ हलवत बसणाऱ्या आणखी पाच-सहा मुलांना झाला. ती दंगा करत नव्हती म्हणून कुणाच्या लक्षात आली नव्हती, एवढंच.

पहिल्या आठवड्यात बाईंचा फोन आला. “मॅडम, तुमचं औषध उलटलं. आज हा बाकावर चढला.” हे होणार याची कल्पना त्यांना दिली होती, पण ऐकणं वेगळं आणि एक्केचाळीस मुलांसमोर सोसणं वेगळं. दाराची बेल वाजेनाशी झाली की आपण ती आधी जोरजोरात दाबतो, मग हात खाली घेतो. रोज उपयोगी पडलेली वागणूक अचानक निरुपयोगी झाली की मूलही आधी तीच दुपटीने करून बघतं. अनेक शिक्षक याच टप्प्यावर ‘हे आपल्या मुलांना लागू पडत नाही’ म्हणून सोडून देतात. इथे सोडलं तर नुकसान जास्त, कारण मग मूल शिकतं की बाकावर चढलं की बाहेर जायला मिळतं. पडण्याचा धोका असेल तर त्याला हाताला धरून खाली उतरवायचं, आवाज न चढवता, भाषण न देता, आणि पुस्तक पुन्हा पुढ्यात ठेवायचं. बाईंनी ते निभावलं. मी नुसतं सांगितलं, अवघड भाग त्यांचा होता.

आता उरलेल्या वर्गाचं. माझ्या वहीत ओमशिवाय आणखी एक नोंद होती. एका तासात बाई “शांत बसा” किंवा “गप्प बसा रे” असं वीसेक वेळा म्हणाल्या होत्या आणि प्रत्येक वेळी शांतता जेमतेम वाक्य पुरं होईपर्यंत टिकली होती. १९६८ साली अमेरिकेत पहिलीच्या एका वर्गावर झालेला जुना अभ्यास आहे. शिक्षिका ‘खाली बसा’ असं जितकं जास्त म्हणत गेल्या, तितकी जास्त मुलं उठून उभी राहत गेली. बसून काम करणाऱ्यांची दखल घ्यायला लागल्यावर उभं राहणं कमी झालं. आपलं ओरडणं आपल्याला उपाय वाटतं, कारण क्षणभर वर्ग गप्प होतो. तेवढ्याने आपण पुन्हा ओरडायला शिकतो. इथे सवय शिक्षकालाच लागते.

गोंगाट कधी होतो तेही बघितलं. शिकवताना फारसा नाही. एक पुस्तक ठेवून दुसरं काढताना, सुट्टीवरून आल्यावर आणि बाई हजेरी किंवा मोबाइलवर माहिती भरण्यात गुंतल्यावर. शिक्षकांच्या मागे लागलेल्या त्या माहिती भरण्याबद्दल मी इथे बोलत नाही, नाहीतर लेख त्यातच संपेल. पण बाकीच्या दोन वेळा हातात होत्या. मुलं आत येण्याआधीच फळ्यावर लिहिलेलं असायचं: मराठीचं पुस्तक, पान अमुक, पहिलं चित्र बघा. बाईंनी एका वेळी एकच सूचना द्यायची. हात वर करून थांबायचं आणि सगळे गप्प होईपर्यंत पुढचा शब्द बोलायचा नाही. हे मुलांना एकदा सांगून येत नाही, कवायतीसारखं घोटून घ्यावं लागतं. शाबासकीही मोघम नको. “शाब्बास ओम”पेक्षा “ओम, तू लगेच पान काढलंस” याने मुलाला नेमकं कळतं की काय जमलं.

आणि फळ्याच्या कोपऱ्यातली ती यादी पुसली. बाई बाहेर गेल्या की वर्गनायकाने बोलणाऱ्यांची नावं लिहायची, पुन्हा बोललं की नावापुढे फुली. ओमच्या नावापुढे सर्वांत जास्त फुल्या असायच्या आणि तो त्या मोजून मित्रांना दाखवायचा. वर्गनायकाची दुश्मनी होते ती वेगळीच. ही पद्धत आपल्या शाळांतून जाईल तो सुदिन. ‘चांगल्या मुलांची’ यादी लावू का, असं बाईंनी विचारलं. त्यालाही मी नको म्हटलं, त्या यादीत पहिल्या दिवसापासून कोण असणार हे वर्गाला पाठ असतं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर ओम वर्गात उभं राहून चार ओळी वाचायला लागला. अडखळत, पण वाचायला लागला. बोलतो अजूनही खूप. चित्रकलेच्या सरांच्या तासाला त्याला अजून बाहेर काढलं जातं, तिथे मला फार शिरकाव मिळालेला नाही. खिचडीच्या ताटांचं काम बाईंनी त्याच्याकडून काढून घेतलं नाही, फक्त ते मराठीचा तास पूर्ण झाल्यावर मिळतं. वाचनाचा खास सराव घेऊनही जोडाक्षरं हवी तशी सुधारलेली नाहीत, त्यामुळे अध्ययन अक्षमतेची, म्हणजे बुद्धी ठीक असूनही वाचन-लेखन जड जाण्याच्या अडचणीची, तपासणी करून घ्या असं आई-वडिलांना लिहून दिलंय. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात ही अडचण मान्य आहे आणि प्रमाणपत्र मिळालं तर परीक्षेत सवलती मिळतात, हे वडिलांना दोनदा समजावून सांगावं लागलं. ‘दिव्यांग’ हा शब्द ऐकून ते घाबरले होते. तपासणीची तारीख मिळाली आहे.

चौथीच्या वर्गशिक्षिकेसाठी प्राजक्ताबाईंनी एक कागद तयार केलाय. त्यात ओमच्या दंग्याबद्दल एकच ओळ आहे. बाकी असं: गणित उत्तम, तोंडी उत्तरं आधी याच्याकडून घ्यावीत. जोडाक्षरं कच्ची. वाचायचा उतारा आदल्या दिवशी दाखवावा. वाचनाच्या वेळी पाणी प्यायला किंवा निरोप द्यायला पाठवू नये.