हळू चालवताना, पार्किंगमध्ये कारचं स्टेअरिंग खूप जड जातं, मेकॅनिक रॅक (स्टेअरिंगचं फिरणं पुढच्या चाकांपर्यंत नेणारा भाग) बदला म्हणतोय. खरंच बदलावी का?

तुम्ही लिहिलंय की 2012 ची पेट्रोल हॅचबॅक आहे, हायवेला काही जाणवत नाही पण सोसायटीत गाडी लावताना आणि यू टर्नला स्टेअरिंग दोन्ही हातांनी ओढावं लागतं, आणि गॅरेजवाल्याने एक चक्कर मारून थेट रॅकचा खर्च सांगितलाय. लगेच हो म्हणू नका. माझ्या गाडीला डिट्टो हेच झालं होतं आणि रॅकला काही म्हणजे काही झालेलं नव्हतं.

आधी हे डोक्यात घ्या की उभ्या गाडीत टायर जमिनीवर घासत फिरवावं लागतं, गाडी पळायला लागली की तेच टायर सहज वळतं. म्हणून स्टेअरिंग जड करणारा दोष कुठलाही असो, तो बहुतेक पहिल्यांदा पार्किंगमध्येच कळतो. हायवेला ठीक आहे म्हणजे बाकी सगळं चांगलं आणि रॅकच गेली, असं काही नसतं.

सगळ्यात पहिलं हवा. हसू नका, पुढच्या टायरमध्ये 32 च्या जागी 22 असेल तर स्टेअरिंग दगडासारखं होतं. सकाळी गाडी थंड असताना चेक करा, आकडा ड्रायव्हरच्या दारापाशी स्टिकरवर असतो, पंपवाल्याच्या अंदाजावर जाऊ नका. टायर कंपनीच्या साइजपेक्षा रुंद टाकलेत का तेही बघा.

मग बोनेट उघडून बघा पॉवर स्टेअरिंग कुठलं आहे. स्टेअरिंगच्या ऑइलची वेगळी बाटली दिसली तर हायड्रॉलिक (ब्रेक ऑइलची बाटली वेगळी, गल्लत करू नका), नसली तर बहुतेक इलेक्ट्रिक. हायड्रॉलिक असेल तर ऑइलची लेव्हल बघा, बेल्ट सैल आहे का बघा, फुल वळवताना चीं असा आवाज आला तर बेल्ट घसरतोय. गाडी न्यूट्रलला उभी ठेवून थोडा रेस द्या, रेस दिल्यावर हलकं झालं तर पंप, बेल्ट, ऑइल यातच काहीतरी आहे.

तुमच्या गाडीला इलेक्ट्रिक असायची शक्यता जास्त. त्यात मोटर असते आणि ती पार्किंगमध्येच सगळ्यात जास्त करंट खेचते, त्यामुळे बॅटरी थकली असेल, टर्मिनलवर पांढरी हिरवी पावडर जमली असेल किंवा अर्थिंगची वायर गंजली असेल तर मोटर पूर्ण जोर देत नाही. इंजिन चालू, एसी, हेडलाइट चालू आणि कोणाला तरी स्टेअरिंग फिरवायला सांगून बॅटरीवर मीटर लावा, व्होल्टेज 13.5 ते 14.5 च्या आसपास टिकायला पाहिजे, 12 च्या खाली जात असेल तर आधी बॅटरी आणि अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा भाग) बघा. आणि डॅशबोर्डवर ईपीएस (इलेक्ट्रिक पॉवर स्टेअरिंग) चा दिवा चावी ऑन केल्यावर लागून इंजिन चालू झालं की विझतो का ते बघा. विझत नसेल तर स्कॅनर लावा, पण ईपीएस वाचणारा स्कॅनर हवा, ऑनलाइन मिळणारा स्वस्तातला बहुतेक फक्त इंजिनचे कोड दाखवतो आणि सगळं ओके म्हणतो.

आता खरी टेस्ट, जी माझ्याकडे तीन गॅरेजांत कोणीच केली नाही. मागच्या चाकांना दगड लावा, हँडब्रेक ओढा, पुढची दोन्ही चाकं उचलून गाडी स्टँडवर ठेवा (नुसत्या जॅकवर अजिबात नाही), इंजिन बंद, चावी फक्त लॉक सुटेपर्यंत फिरवा आणि हाताने स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. चाकं हवेत असताना ते सगळीकडे एकसारखं फिरलं पाहिजे. तसं फिरलं तर दोष बहुतेक टायरमधल्या हवेत, करंटमध्ये किंवा मोटरमध्ये, हायड्रॉलिक असेल तर पंप, बेल्ट, ऑइलमध्ये. चाकं उचललेली असतानासुद्धा अडकलं तर कुठेतरी लोखंड जाम आहे.

माझी गाडी चिपळूणला पावसाळ्याचे चार महिने उघड्यावर उभी असते. चौथ्या गॅरेजमधल्या म्हाताऱ्या फिटरने चाकं उचलली, माझा हात स्टेअरिंगवर ठेवला आणि म्हणाला डोळे मिटून फिरव. एका फेरीत बरोबर दोनदा जड, दोनदा हलकं, जड, हलकं. पायांपाशी, पेडलच्या मागे स्टेअरिंगच्या दांड्याला खाली जो क्रॉसचा जॉइंट असतो ना, तो गंजून एका बाजूने धरला होता. काढून हातात दिला तर एका दिशेने सुळकन वाकत होता आणि दुसऱ्या दिशेने दोन्ही हातांनी जोर लावला तरी हलेना. तो एक जॉइंट बदलला, गाडी हलकी झाली, रॅकचे सांगितलेले 18 हजार वाचले.

तुम्ही आजच एक गोष्ट करून बघा, मोकळ्या रस्त्यावर 20 च्या स्पीडला वळण घ्या आणि पकड सैल सोडा. स्टेअरिंग आपोआप सरळ यायला पाहिजे. माझं येत नव्हतं, हाताने आणावं लागायचं, पण सवय झाल्यामुळे ते मला कधी खटकलंच नाही. येत नसेल तर हा जॉइंट, शॉकअपच्या वरचं बेअरिंग आणि लोअर आर्मचा बॉल जॉइंट हे तिन्ही बघायला सांगा. बेअरिंग धरलं असेल तर वळवताना स्प्रिंगमधून टणक् असा आवाज येतो, बोनेट उघडं ठेवून हात लावला की हाताला झटका कळतो. हे तिन्ही बरे असले तरच टाय रॉड एंड (रॅक चाकाला जोडणारे टोकाचे जॉइंट) सोडवून रॅक एकटी फिरवून बघा, तेव्हाही जड लागली तरच बदला.

आणि तो जॉइंट काढायची वेळ आली तर आधी दांड्यावर खुणा करून घ्यायला सांगा, नाहीतर स्टेअरिंग वाकडं बसतं. जॉइंट सुटलेला असताना स्टेअरिंग कोणालाही मोकळं फिरवू देऊ नका, सीटबेल्टने बांधूनच ठेवा, एअरबॅग असेल तर आतली चपटी वायरची पट्टी तुटते आणि तो खर्च वेगळाच लागतो. हवा आणि व्होल्टेजचे आकडे मिळाले की खाली कमेंटमध्ये टाका, मी बघतो.